पंचांगातली भरती

हदगावहून निघताना चांदपाशाच्या जीपमध्ये माणसं चार होती, भाकरी अडतीस, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा एक, कोकणात दिलेल्या लेकीसाठी ज्वारीचं पोतं एक, सव्वासात किलोचा लोखंडी गोळा एक आणि रबरी फुगे चाळीस.

भाकरी आणि पोतं सटवाजीचं. गोळा आणि फुगे त्याच्या पोराचे, सुदर्शनचे.

"अरे, आपण समुद्र बघायला चाललो का जत्रंत दुकान मांडायला?" चांदपाशाने फुग्यांचं पाकीट वर धरून विचारलं. जीप त्याची, स्टिअरिंगही त्याचंच, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्कही त्याचा होता.

"पाशाचाचा, समुद्र गेला खड्ड्यात! माझा एक दिवस चुकला तर छाती आत जाती," सुदर्शन म्हणाला आणि एक फुगा फुगवायला लागला.

छातीचं प्रकरण असं होतं. सुदर्शन बी.एस्सी. झाला, त्याच वर्षी पोलीस भरतीच्या मागे लागला आणि तेव्हापासून मागेच होता. सोळाशे मीटर तो हरणासारखा पळायचा. गोळा असा फेकायचा की मैदानाच्या कडेला बसलेली माणसं उठून लांब बसायची. लेखी परीक्षेत तर गणिताचा एक प्रश्न चुकीचा आहे हे त्याने परीक्षकाला दाखवून दिलं होतं. पण छाती! नियम म्हणतो, न फुगवता एकोणऐंशी सेंटीमीटर आणि फुगवल्यावर त्यात पाचची भर. सुदर्शनची न फुगवता बरोबर एकोणऐंशी. फुगवून त्र्याऐंशी. पाच लागतात, चार भरतात! एका सेंटीमीटरसाठी तो दर भरतीतून घरी परत आला होता.

त्या एका सेंटीमीटरसाठी त्याने काय काय केलं नाही? प्राणायाम केला. गावच्या देवळातला शंख इतक्या वेळा वाजवला की पुजाऱ्याने शेवटी तो कुलपात ठेवला. आता फुगे चालू होते. गावात त्याचं मूळ नाव मागे पडलं होतं, 'भरतीवाला' म्हटलं की पोस्टमन पत्र बरोबर घरी आणून द्यायचा.

सटवाजीचा धीर मात्र संपला होता. देगलूरला त्याच्या जुन्या मित्राचं, चन्नबसप्पाचं कापडाचं दुकान होतं आणि गादीवर बसून साड्या दाखवायला त्याला एक शिकलेला पोरगा हवा होता. "ह्या महिन्यात तुझी भरती न्हाई झाली तर देगलूर," सटवाजीने सांगून टाकलं होतं. "साड्याच्या घड्या घालायला छाती लागत न्हाई."

सुदर्शनला ते वाक्य लागलं होतं. त्या दिवसापासून तो दोन फुगे जास्त फुगवत होता.

कोकणात सुदर्शनच्या थोरल्या बहिणीचं, आरतीचं घर होतं. तिचा नवरा आदिनाथ तिथल्या झेडपीच्या शाळेत मास्तर. सगळे पोचले तो दिवस शनिवार होता. सकाळची शाळा, त्यामुळे आदिनाथ घाईत होता.

"दाजी, पळायला सपाट जागा हाय का कुठं?" पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी सुदर्शनने विचारलं.

"आहे की. ह्या पायवाटेने सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर जा, तिथून खाली उतर. दोन्ही बाजूंना नुसता काळा कातळ आहे, मधे वाळूचा तुकडा. तिकडे कोणी फिरकत नाही. शाळा सुटली की मीही येतो." एवढं बोलून आदिनाथ सायकलवर बसून गेला. जास्तीचं एकच वाक्य बोलून गेला असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

आरती स्वयंपाकाला लागली आणि चौघे निघाले. पुढे फाइल काखेत मारलेला सुदर्शन. शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून रहिवासी प्रमाणपत्रापर्यंतचे सगळे झेरॉक्स त्या फाइलमध्ये होते आणि ती घेतल्याशिवाय तो न्हाणीघरातसुद्धा जात नसे. त्याच्या मागे गोळा उचलून चांदपाशा, मग सटवाजी आणि शेवटी सटवाजीची थोरली बहीण चतुराबाई. चतुराबाईने जन्मात गोदावरीच्या पलीकडे पाणी पाहिलं नव्हतं आणि समुद्र पाहिल्याशिवाय मरायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

सड्याच्या टोकाला गडग्यावर, दगड रचलेल्या बुटक्या भिंतीवर, एक आजोबा सुपारी कातरत बसले होते.

"काय पाहुणे, खाली चाललात?"

"हाव. जरा प्रॅक्टिस करावं म्हणलं."

"जा, जा. पण बाराच्या आत काय ते आटपा हो. आज भरती आहे."

सुदर्शनचा उचललेला पाय हवेतच राहिला.

"भरती? आज? कुठं?"

"कुठं म्हणजे? ही काय, इथेच. खाली पुळणीवर, वाळूत."

"पर जाहिरात कुठंच आली न्हाई!"

"जाहिरात कसली आलीय त्यात? पंचांगात असतं की सगळं. आज पौर्णिमा. मोठी भरती."

सुदर्शनने रोज चार वर्तमानपत्रं आणि सहा संकेतस्थळं बघितली होती. पंचांग तेवढं बघायचं राहिलं होतं!

"मोठी म्हंजे किती?"

"मोजायला कोण बसलंय? भरपूर!"

"आन् आजोबा..." सुदर्शनने आवाज खाली आणला, "छातीचं कसं हाय हितं?"

आजोबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "तुमची उंची चांगली आहे. तरी छातीला लागतंच."

"लागतंच?"

"सोडत नाही कोणाला."

"आन् फुगवून?"

"फुगली की मग विचारूच नका!" आजोबांनी दोन्ही हात पसरले. "बघता बघता फुगते!"

सुदर्शनने फाइल दुसऱ्या काखेत मारली. "मागच्या टायमाला कोन लागलं का?"

"पुण्याचे दोघे होते ना! इतकं सांगितलं, पण हटले नाहीत. उभेच राहिले."

"मंग? लागले?"

"लागले, पलीकडच्या खाडीला. आमच्या होडीवाल्यांनी ओढून घेतले म्हणून. नाहीतर कसले लागतायत!"

सुदर्शनने वळून बापाकडे पाहिलं. "ऐकलं का आबा? हितं बी वशिलाच हाय. ओढून घेतेत!"

"एक लक्षात ठेवा," आजोबा मागून म्हणाले, "वेळेवर पळता आलं पाहिजे."

"पळण्यात आपला हात कोन धरत न्हाई, आजोबा!"

"मग काही काळजी नाही," आजोबा म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

आता खरं सांगायचं तर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुदर्शनने चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचा समुद्राच्या पाण्यावर होणारा परिणाम यावर सात मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. सातपैकी सहा पडले होते. पण ती भरती-ओहोटी होती. जोडीने येणारी, पुस्तकात राहणारी. नुसती, एकटी भरती म्हणजे एकच! हदगावात, नांदेडात, लातुरात, कुठेही जा. पहाटे मैदानावर पळणाऱ्या हजार पोरांना विचारा. भरती म्हणजे भरती!

सटवाजी पायवाटेवरच थांबला होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी लखलखायला लागलं होतं.

"गुपचूप भरती!" तो दात-ओठ खाऊन म्हणाला. "म्हणून ही कोकणातली पोरं पुढं जातेत. सागरी पोलीस असंल. आरं, आवाज करू नको! गर्दी होईल."

"यहाँ तो कुत्ता बी नै," चांदपाशा म्हणाला. "गर्दी काहे की?"

"म्हणूनच तर! आपला पयला नंबर!"

खाली उतरण्याआधी सटवाजीने फोन काढला. सड्यावर एकच कांडी रेंज होती, ती त्याने हात उंच करून पकडली आणि देगलूर लावलं.

"चन्नबसप्पा! हां, मी सटवा! ती जागा ठेवू नको बाबा. कुणाला द्यायची त्याला दे! पोराची भरती... हाव हाव, आज... समुद्रात!"

फोन कटला. चन्नबसप्पाला किती ऐकू आलं कोण जाणे. पण सटवाजीने जागा सोडली होती. आता देगलूर नाही. आता ही वाळू आणि तो एक सेंटीमीटर.

वाळू मात्र झकास होती! दोन काळ्या कड्यांच्या मधे अर्ध्या भाकरीसारखी पडलेली. माणूस नाही, दुकान नाही, नुसते खेकडे इकडून तिकडे पळत होते. चतुराबाईने पुढे होऊन पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"थू! खारट हाय! एवढं पाणी आन् सगळं वाया गेलं की रे!"

सुदर्शनने टाचेने वाळूत एक सरळ रेघ ओढली. ही पहिल्या नंबरची रेघ. रेघेवर गोळा ठेवला, म्हणजे जागा पक्की. मग पळून घेतलं, हातपाय मोकळे केले, फुगे फुगवले. अधिकारी कुठून येतील याचा अंदाज येत नव्हता. सटवाजी कड्याकडे बघत होता, चांदपाशा समुद्राकडे. होडीतून येतील असं त्याचं मत होतं.

एक लाट आली आणि रेघ पुसून गेली.

सुदर्शनने गोळा दोन हात मागे घेतला, नवी रेघ ओढली. ती पुसली. पुन्हा मागे. तीही पुसली.

"सटवाजीभाऊ, पाणी चढून राहिलं वाटतं," चांदपाशा म्हणाला.

सटवाजीने पैनगंगेचे पूर पाहिले होते. त्याने जाणकारासारखं डोळे बारीक करून पाहिलं. "वर कुठंतरी धरणाचं दार उघडलं असंल. उतरंल घडीभरात."

"समुद्राला धरण असतं का?"

"मंग एवढं पाणी अडवलंय कशानं?"

चांदपाशाने चपला काढून हातात घेतल्या.

"पर आधी भोंगा वाजवायला पाहिजे का न्हाई?" सटवाजीला आता रागच आला. "आपल्याकडं दार उघडायच्या आधी भोंगा वाजवतेत. काय ही पद्धत!"

भोंगा वाजला नाही. पाणी मात्र आलं. ज्या वळणावरून ते उतरले होते तिथला कातळ आधी ओला झाला, मग अर्धा झाला, मग दिसेनासा झाला. वाट बंद! चांदपाशाने चपला दातांत धरल्या आणि मोठ्या काळ्या खडकावर माकडासारखी उडी घेतली. वरून त्याने हात दिला आणि सटवाजीने खालून चतुराबाईला ढकललं.

"आरं हळू! मी ज्वारीचं पोतं हाय व्हय?"

"पोतं असं ओरडत न्हाई, आक्का!"

तिघे वर बसले. खाली राहिला सुदर्शन. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं, तरी तो गोळ्यावर पाय ठेवून खांबासारखा उभा होता.

"सुद्या! वर ये!"

"न्हाई आबा! जागा सोडली की नंबर गेला!"

"आरं, पाणी!"

"पाणीच तर हाय!" सुदर्शन ओरडला, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छातीला लागतंच. सोडत नाही कोणाला. पुण्याचे दोघे हटले नाहीत, उभेच राहिले. म्हणजे हीच परीक्षा! सागरी पोलिसांची भरती आहे, पाण्यात नाही तर काय कापसाच्या वखारीत घेणार? अधिकारी कुठूनतरी दुर्बिणीतून बघत असतील. कोण टिकतो, कोण पळतो!

"आबा, हीच टेस्ट हाय!" तो आनंदाने ओरडला आणि फाइल डोक्यावर घेतली.

पाणी मांडीला आलं, कमरेला आलं. प्रत्येक लाटेला सुदर्शन छाती भरून घ्यायचा आणि लाट गेली की सोडायचा. शर्टाचं एक बटन तुटून उडालं. मग दुसरं. चांदपाशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं! खिशातलं फुग्यांचं पाकीट फुटलं आणि लाल-पिवळे फुगे लाटांवर वरखाली व्हायला लागले. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, समुद्रात कुणाचा तरी वाढदिवस आहे.

"या अल्ला," चांदपाशा पुटपुटला, "पोरगा तो गया!"

"सुदर्शना!" चतुराबाईने हंबरडा फोडला. "आरं बाबा, तुला शिपाई न्हाई, फौजदार करते, पर वर ये!"

पाणी छातीला लागलं. सुदर्शनने सावधानची पोझिशन घेतली.

तेवढ्यात वर कड्यावर आदिनाथ दिसला. शाळेतून थेट आला होता, खांद्याला दप्तर तसंच. त्याच्या मागे गडग्यावरचे आजोबा, हातात जाड दोर.

"सुदर्शन!" आदिनाथ दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला. "खडकावर चढ! भरती आहे!"

"माहीत हाय दाजी! पयला नंबर माझाच हाय!"

"अरे, पाण्याची भरती!"

"हाव, पाण्याचीच! म्हणून तर पाण्यात हाय!"

आदिनाथने डोकं धरलं. मग चौथीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावताना काढतो तो आवाज त्याने काढला.

"अरे, भरती-ओहोटीतली भर-ती!"

सुदर्शनच्या डोळ्यांपुढे एकदम चंद्र उभा राहिला. आकृतीसकट. पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी, बाण, सूर्य, सात मार्क. ते उत्तर पूर्ण आठवेपर्यंत समुद्र थांबला नाही. पुढची लाट त्याच्या डोक्यावरून गेली आणि जाताना फाइल घेऊन गेली. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र, साक्षांकित फोटो, सगळं पौर्णिमेच्या भरतीत दाखल झालं.

मग मात्र तो पळाला. पाण्यात जेवढं पळता येतं तेवढं. चांदपाशाने त्याला कॉलर धरून खडकावर ओढलं. वरून दोर आला. सगळ्यांत आधी चतुराबाई वर गेली, जाताना कड्याला, समुद्राला आणि कोकणच्या पंचांगाला नावं ठेवत. शेवटी सुदर्शन वर आला. आजोबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली.

"पळता येतं म्हणाला होतात ना?"

"आजोबा, तुम्ही नुसतं 'पाणी' म्हणला असता तर!"

"भरतीला पाणी म्हणून सांगायचं?" आजोबा चकित झाले. "मग तुमच्याकडे भरतीला काय येतं?"

"पोरं," सटवाजी म्हणाला.

आरतीच्या ओसरीवर सगळे ओळीने वाळत बसले. तिने हसू दाबत चहा दिला. सटवाजीने अर्धा कप बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "उद्या सकाळी निघायचं. थेट देगलूर."

"आबा, एक डाव मोजा."

"काय मोजा?"

"छाती." सुदर्शन उभा राहिला. त्याच्या कानातून अजून पाणी गळत होतं, पण आवाज पक्का होता. "हे बघा, बटनं. दोन तुटलीत! एवढ्या लाटांचं वजन बाहेरून दाबून राहिलं होतं आन् मी आतून फुगवून राहिलो होतो. प्राणायामानं, शंखानं, फुग्यानं जे सा वर्सांत झालं न्हाई ते आज झालं असंल. माझं मन सांगून राहिलं."

"मैं देखा," चांदपाशाने साक्ष दिली. "बेडकासारखा फुगला होता. अल्ला कसम!"

"एका भरतीनं पोट भरलं न्हाई का रे तुझं?" सटवाजीने विचारलं.

"पाच भरली तर एक वर्ष द्या. न्हाई भरली तर मी सोता गादीवर बसतो. तोंडातून भरतीचा भ काढणार न्हाई."

सटवाजीने पोराकडे पाहिलं. छातीभर समुद्रात फाइल डोक्यावर घेऊन उभं राहिलेलं आपलं पोर त्याला पुन्हा दिसलं असावं. येडं होतं, पण हटलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "पाच भरली तर एक साल."

तेवढ्यात फोन वाजला. चन्नबसप्पा.

"सटवाजी, नीट ऐकू आलं नाही रे बाबा. पोरगा समुद्रात काय केला? आणि जागेचं काय? ठेवू का देऊ? दुसरा पोरगा दारात येऊन बसलाय."

"एक मिनिट थांब, अण्णा. फोन ठेवू नको," सटवाजी म्हणाला आणि फोन तसाच हातात धरून बसला. पलीकडून चन्नबसप्पाचा श्वास ऐकू येत होता.

आरतीने शिलाई मशीनच्या खणातून टेप आणली. मोजायला आदिनाथ पुढे झाला, कारण तो मास्तर, आणि भावकीतला नाही. त्याने टेप पाठीमागून घेतली, खाली-वर झाली नाही ना ते बघितलं.

"हात खाली. श्वास सोड. सगळा सोड. बोलू नकोस."

चतुराबाईने हात जोडले. चांदपाशा काहीतरी पुटपुटत होता. आदिनाथने आकडा वाचला, मनात ठेवला.

"आता घे."

सुदर्शनने घेतला. आधी नाकाने, मग तोंडाने, मग वाटेल तिथून. त्याची मान फुगली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळे खोबणीतून बाहेर डोकावायला लागले. शर्टाचं तिसरं बटन टण्णकन उडून चांदपाशाच्या कपात पडलं. फोनमधून चन्नबसप्पाने विचारलं, "काय फुटलं रे?"

आदिनाथने टेपचं टोक उजेडाकडे वळवलं. वाकून वाचलं. टेप सोडवली, पुन्हा लावली, पुन्हा वाचलं.

"किती?" सटवाजीने विचारलं.

"न फुगवता ऐंशी. फुगवून चौऱ्याऐंशी."